झाडावरच्या स्टँडवर रायफल न्यायची कशी?

तुम्ही लिहिलंय की विस्कॉन्सिनमध्ये ऑफिसातल्या मित्राबरोबर पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीला जाताय, वीसेक फुटांवरच्या स्टँडवर, म्हणजे झाडाला बांधलेल्या मचाणावर, बसायचंय, आणि मित्र म्हणतो की रायफल पाठीला अडकवून चढलं तरी चालतं. नाही चालत. मी तिथे बरीच वर्षं शिकारीला जातो. मित्र कितीही मुरलेला असला तरी एवढ्या बाबतीत त्याचं ऐकू नका. माणूस आणि बंदूक एका वेळी शिडीवर नकोच.

तिथला बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. पहाटेचा अंधार, पायऱ्यांवर बर्फ, बोटं बधिर. चढताना दोन्ही हात मोकळेच हवेत, आणि हार्नेस (अंगावरचा सुरक्षा पट्टा) जमिनीवर असतानाच लाइफलाइनला, म्हणजे वर झाडाला बांधून खालपर्यंत सोडलेल्या सुरक्षा दोराला, जोडलेला हवा. स्टँडवर पोचल्यावर जोडू म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण चढता-उतरतानाच तर माणसं पडतात.

बंदुकीसाठी स्टँडला एक दोरी कायमची बांधलेली असावी, खालचं टोक जमिनीला टेकेल एवढी. चेंबर (नळीतली गोळीची जागा) आणि मॅगझिन (जादा गोळ्यांचा कप्पा) दोन्ही रिकामी करा, बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा खटका, उघडा ठेवा, काडतुसं खिशात. दोरी पट्ट्याला आणि दस्त्याला अशी बांधा की वर ओढताना नळीचं तोंड खाली राहील. ट्रिगरच्या आसपास दोरी अजिबात नको. आणि हे सगळं शिडीच्या विरुद्ध बाजूला करा. तुम्ही घसरलात तर बंदुकीवर पडणार नाही, आणि नळी तुमच्याकडे वळलेली नसेल.

वर बसलात, हार्नेसचा पट्टा झाडाला आवळून घेतलात, की मग विहिरीतून पोहरा काढतात तशी सावकाश ओढा. गोळी भरण्याआधी नळीत चिखल किंवा बर्फ शिरलाय का ते बोल्टच्या बाजूने बघा. तुंबलेल्या नळीतून गोळी झाडली तर नळी फाटू शकते. वाटेत बंदूक निसटली तर पडू द्या, पकडायला झेपावू नका.

धनुष्य असेल तरी रीत हीच. बाणांची पाती झाकलेल्या भात्यात, आणि क्रॉसबो असेल तर तो ताणलेला नको.

उतरताना हाच क्रम उलटा, आणि माझ्या मते खरी काळजी तेव्हाच घ्यायला हवी, कारण दिवसभर थंडीत बसून माणसाला घरी जायची घाई झालेली असते. आधी बंदूक रिकामी करा, ती दोरीने खाली सोडा, मग स्वतः उतरा. हार्नेसमध्ये लटकायची वेळ आलीच तर निश्चल राहू नका, पायांतलं रक्त तुंबतं. पाय टेकवायचा पट्टा सोबत ठेवा, फोनही हाताला लागेल असा.

१ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तिथे शिकारीचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. ते न घेता मेंटरसोबत, म्हणजे शिकवणाऱ्या अनुभवी शिकाऱ्यासोबत, जाणार असाल तर तो कायम हाताच्या अंतरात हवा, म्हणजे एकट्याच्या स्टँडवर तुम्हाला बसता येणार नाही.

आणि तुम्ही एच-वन-बी वर असाल तर हे आधी वाचा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना असेल तर सूट मिळते. परवाना हातात येईपर्यंत मित्राची रायफल नुसती सरावालाही घेऊ नका.