भावाला मानसिक आजाराचा झटका आल्यावर पोलिसांना बोलवावं का? ते मारतील का?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, औषधं सुटली की तो अंगावर धावून येतो, आणि आई म्हणते पोलीस आले तर मारतील. आईची भीती खोटी नाही. तरी कुणाच्या जिवाला धोका असेल तर ११२ लावाच. फक्त फोनवर काय सांगायचं ते घरात आधी ठरवून ठेवा.

आमच्या दादाला हाच आजार आहे. एकदा घरच्यांच्या आधी शेजाऱ्यांनीच फोन केला, ‘एक जण कोयता घेऊन हैदोस घालतोय’ म्हणून. कोयता परसात नारळांपाशी पडलेला होता. आलेले दोघे शिपाई अर्थातच कोयतेवाल्याला पकडायच्या तयारीने आले. ‘खाली बस!’ असं ओरडले. दादाच्या कानात आधीच आवाजांचा गलका चाललेला, त्यात आणखी एकाची भर. तो बसला नाही. त्यांना वाटलं माज करतोय. लाठी मनगटावर बसली, हाड मोडलं.

पुढच्या वेळी वडिलांनी फोन केला: ‘मुलाला मानसिक आजार आहे, गोळ्या सुटल्यात, हातात काही नाही, दवाखान्यात न्यायला मदत हवी.’ आलेल्या हवालदारांनी आधी दारातली गर्दी हाकलली, टीव्ही बंद करायला लावला आणि उंबऱ्याबाहेर बसून दादाचं ऐकत राहिले. वेळ बराच गेला, पण लाठी लागली नाही. (हत्यार खरंच असेल तर मात्र ते लपवू नका. येणाऱ्याचाही जीव असतो.)

आता कायदा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १००. आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असलेल्या माणसाला संरक्षणात घेणं हे ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे. संरक्षणात म्हणजे अटकेत नव्हे. लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, आणि कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. साखळीने बांधण्यालाही याच कायद्यात बंदी आहे. हे ठाण्यातल्या प्रत्येकाला पाठ असेल असं धरून चालू नका. भाऊ बरा असताना पीआय साहेबांना भेटा, आजाराची माहिती आणि कलम १०० चा उल्लेख असलेला अर्ज द्या, पोच घ्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत मेम्फिस शहरात १९८७ साली स्वतःला इजा करणाऱ्या एका मनोरुग्ण तरुणाला पोलिसांनी गोळ्या घालून मारलं. त्यानंतर १९८८ मध्ये तिथे अशा फोनवर जाणाऱ्या पोलिसांसाठी ४० तासांचं वेगळं प्रशिक्षण सुरू झालं: अंतर ठेवा, हळू बोला, घाई करू नका. आमच्या हवालदारांनी ते न शिकताच केलं, पण आपण नशिबावर किती दिवस विसंबायचं? लाठी चालवायला शिकवता येते, तसं हेही शिकवता येतं.

मारहाण झालीच तर आधी सरकारी रुग्णालयात जा आणि जखमांची एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे कायदेशीर कामासाठी डॉक्टर करतात ती) नोंद करून घ्या. तक्रार पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे आणि राज्य मानवी हक्क आयोगाकडे करता येते. एमएलसी नसेल तर पुढे सगळं अवघड होतं.

आणि रोजची चिंता असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

एक काम भावासोबत बसूनच करा. कायद्याप्रमाणे त्याला साध्या कागदावर सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत त्याला साथ देणारा माणूस, नेमता येतो. नाव त्याला निवडू द्या. आमच्या दादाने मला सोडून मामाचं नाव घातलं. मला रागच आला होता, पण मामा आला की तो निमूट गाडीत बसतो.