पिन नाही, पासवर्ड लागतो: घरातल्या दोन संगणकांमधलं फाइल शेअरिंग

डेस्कटॉपवरचं फोटोंचं फोल्डर लॅपटॉपवरून उघडायला गेलं की युजरनेम-पासवर्ड मागतं आणि रोजचा पिन घेत नाही, असं तुम्ही लिहिलंय. दोन्हीकडे विंडोज ११. म्हणजे तुमचं नेटवर्क ठीक आहे. पासवर्ड विचारला जातोय याचा अर्थ दोन्ही संगणक एकमेकांशी बोलतायत. राउटरला हात लावू नका.

पिन त्या एका संगणकापुरताच असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. डेस्कटॉपवर शेअरिंगसाठी एक वेगळं लोकल खातं (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन खात्याशी न जोडलेलं, फक्त त्या संगणकावरचं) उघडा. त्याला पासवर्ड द्याच, कारण कोऱ्या पासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

मग फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जा. बरेच जण इथेच अडकतात. परवानगी दोन जागी द्यायची असते, 'शेअरिंग'मध्ये आणि 'सिक्युरिटी'मध्ये, आणि दोन्हींपैकी जी कडक ती लागू होते. आमच्याकडे वडिलांनी स्कॅन करून ठेवलेल्या सातबाऱ्यांच्या फोल्डरला शेअरिंगमध्ये 'फुल कंट्रोल' दिला होता, पण सिक्युरिटीत नव्या खात्याचं नावच नव्हतं. फोल्डर समोर दिसायचं, क्लिक केलं की प्रवेश नाकारल्याचा संदेश. दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

लॅपटॉपवर युजरनेमच्या जागी आधी डेस्कटॉपचं नाव, मग उलटा स्लॅश, मग खात्याचं नाव टाका. आधीचा चुकीचा पासवर्ड साठवला गेला असेल तर 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मधून, म्हणजे विंडोज पासवर्ड साठवतं त्या जागेतून, तो काढून टाका, नाहीतर विंडोज तोच पुढे करत राहतं.

तुम्हाला कोणीतरी 'एसएमबी १' (विंडोजमधल्या फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करायला आणि पासवर्ड संरक्षण बंद करायला सांगितलंय. कृपा करून दोन्ही करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर पसरलं ते एसएमबी १ मधल्याच त्रुटीतून, आणि तुमच्या दोन्ही संगणकांना त्याची गरजही नाही. पासवर्ड काढलात तर तुमच्या वायफायवर येणाऱ्या कोणालाही घरचे फोटो उघडता येऊ शकतात.

पहिल्यांदा सगळे फोटो हलवताना दोन्ही संगणक केबलने राउटरला जोडा. सगळीकडे गिगाबिट पोर्ट असतील तर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळतो, एखादा जरी १०० एमबीपीएसचा असला तर तो ११-१२ एमबीपर्यंत खाली येतो. आणि तेवढा वेळ डेस्कटॉपचं स्लीप बंद ठेवा, मध्येच झोपला तर कॉपी अर्ध्यावर तुटते.