बंद दाराआडचा आजार

प्रश्न : माझे वय 28 असून लग्नाला तीन वर्षे झाली. पाळी दोन-दोन, कधी तीन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस येतात, वजनही वाढले आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी ‘पीसीओडी’ (बीजकोश म्हणजे ओव्हरी आणि हार्मोन्सशी निगडित आजार) असल्याचे सांगितले, पण यजमानांना मी ‘थोडा हार्मोन्सचा त्रास आहे’ एवढेच सांगितले. केस काढण्यासाठी मी न्हाणीघराचे दार लावून घेते. त्यांनी जवळ आलेले मला नकोसे होते आणि माझे मन त्यांच्यावरून उडाले, असे त्यांना वाटते. सासूबाई दर सणाला ‘गोड बातमी कधी?’ म्हणून विचारतात. काय करावे?
— एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : यजमानांनी तुमच्या दूर राहण्याचा लावलेला अर्थ चुकीचा आहे, पण खरे कारण ठाऊक नसलेल्या माणसाने दुसरा कोणता अर्थ लावावा? म्हणून आधी त्यांना आजार नीट सांगा. सोनोग्राफीत बीजकोशातील ज्यांना गाठी म्हटले जाते, त्या वाढ अर्धवट राहिलेल्या बीजांच्या लहान पिशव्या असतात. अनेक स्त्रियांच्या शरीरात साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचा परिणाम पुरेसा होत नसल्यामुळे ते रक्तात वाढते, त्याने बीजकोशातून पुरुषी संप्रेरके अधिक स्रवतात, आणि राठ केस, मुरमे, लांबलेली पाळी हे सारे त्यातून उद्भवते. यात तुमचा कोणताही दोष नाही. दहा स्त्रियांमागे साधारण एकीला हा त्रास असतो, म्हणजे तुमच्या ओळखीतही कुणी ना कुणी तो मुकाट्याने सोसत असेल.

हे सगळे तुम्हाला एकटीने समजावणे जड जात असेल, तर पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या. शरीराची लाज वाटते, म्हणून जवळीक नको होते, हे मात्र तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगायला हवे. ते डॉक्टर सांगू शकणार नाहीत. या आजारात उदासी आणि चिंता अधिक आढळतात. या आजाराविषयीच्या 2023 च्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांनीही त्यांची चौकशी करण्यास सांगितले आहे, तेव्हा झोप उडाली असेल किंवा रडू येत असेल तर तेही डॉक्टरांपासून लपवू नका.

मूल हवे असल्यास तसे आधीच स्पष्ट सांगा, कारण केस आणि पाळीसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी गर्भधारणा थांबते. बीज तयार होण्यासाठी लेट्रोझोल हे पहिल्या पसंतीचे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाते, आणि वजन जास्त असल्यास ते पाच टक्के घटले तरी पाळी सुधारू शकते. त्याच वेळी यजमानांची वीर्यतपासणीही करून घ्यावी. ती टाळून सगळ्या तपासण्या सुनेच्याच माथी मारण्याची आपल्याकडची रीत मला अन्यायाची वाटते. पाळी तीन महिन्यांहून अधिक लांबू देऊ नका, गर्भाशयाचे अस्तर जाड होण्याचा धोका असतो.

सासूबाईंना उत्तर यजमानांनी द्यावे. ‘आई, आम्ही दोघे उपचार घेतो आहोत, सणाच्या दिवशी हा विषय नको,’ एवढे वाक्य मुलाच्या तोंडून आले, तर त्याला जे वजन येईल ते तुमच्या शंभर खुलाशांना येणार नाही.