टीव्ही गेमचा दिवा लागतो, चित्र येत नाही: सोल्डरिंग नंतर, मल्टिमीटर आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माळ्यावर नव्वदच्या दशकातला कॅसेटवाला टीव्ही गेम सापडला, लाल दिवा लागतो, पण नव्या एलईडी टीव्हीवर काहीच दिसत नाही. यूट्यूब बघून तुम्ही सगळे कपॅसिटर बदलायचं आणि ७२ पिनांचा नवा कनेक्टर मागवायचं ठरवलंय. दोन्ही बेत सध्या बाजूला ठेवा.

त्या व्हिडिओंमध्ये दिसतो तो निन्टेन्डो कंपनीचा अमेरिकेत विकला गेलेला गेम, एनईएस. आपल्याकडे घरोघरी आले ते बहुतेक गेम निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या जपानी फॅमिकॉमची नक्कल होते. फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना, एनईएसच्या कॅसेटला ७२. म्हणजे मागवलेला कनेक्टर तुमच्या बोर्डावर बसणारच नाही. चित्र लुकलुकतं म्हणून लॉकआउट चिपची (परक्या कॅसेट अडवणारी चिप) ४ नंबरची पिन कापायचा सल्लाही एनईएसवाल्यांचा; फॅमिकॉममध्ये ती चिपच नाही. आणि 'सगळे कपॅसिटर बदला' हे सेगा कंपनीच्या गेम गिअर या हातात धरायच्या गेमसारख्या यंत्रांबाबत खरं आहे. त्यातले बोर्डाला चिकटून बसवलेले छोटे कपॅसिटर हमखास गळतात आणि खालचे तांब्याचे पट्टे खातात. तुमच्या बोर्डावर लांब पायांचे मोजके कपॅसिटर असतील. एखाद्याचं डोकं फुगलेलं असेल किंवा बुडाशी तेलकट डाग असेल तर तेवढाच बदला.

आता वीज, कारण निम्म्याहून जास्त 'मेलेले' गेम इथेच जिवंत होतात. लाल दिवा लागतो याचा अर्थ बोर्डापर्यंत काहीतरी वीज पोचते, इतकाच. आत ॲल्युमिनियमच्या पट्टीला स्क्रूने आवळलेला तीन पायांचा ७८०५ रेग्युलेटर (अडॅप्टरचे व्होल्ट ५ वर आणणारा भाग) शोधा. नंबर वाचता येईल असा समोर धरला तर डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. उजव्या पायावर ५ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. ३-४ व्होल्टच मिळत असतील तर लगेच रेग्युलेटरला दोष देऊ नका, आधी डावा पाय मोजा. त्याला निदान ७ ते ७.५ व्होल्ट लागतात, आणि म्हाताऱ्या अडॅप्टरकडून लोड आल्यावर, म्हणजे यंत्र वीज ओढू लागल्यावर, तेवढे निघत नाहीत. (जुना जड ट्रान्सफॉर्मरवाला ९ व्होल्टचा अडॅप्टर नुसता मोजला तर १२-१३ दाखवतो. घाबरू नका, लोडशिवाय तो तसंच दाखवणार.) चित्रावर आडवे पट्टे सरकतात आणि आवाजात घूं घूं येते, तेव्हा अडॅप्टरमधला फिल्टर कपॅसिटर सुकलेला असतो. अडॅप्टर उघडत बसू नका, आत घरातली २३० व्होल्टची लाइन आहे. ९ व्होल्ट, १ अँपिअरचा नवा डीसी अडॅप्टर आणा.

नवा अडॅप्टर लावण्याआधी ध्रुव तपासाच. मूळ फॅमिकॉमच्या जॅकमध्ये मधली बाजू ऋण असते, नकलांमध्ये दोन्ही प्रकार आढळतात, आणि उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड असेलच असं नाही. अडॅप्टर काढून ठेवा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बीप करणारी सेटिंग) लावा. ७८०५ च्या मधल्या पायाशी जॅकचं जे टोक बीप करेल ते ऋण. एनईएसचा मूळ अडॅप्टर कुणी देऊ केला तर घेऊ नका, तो एसी देतो. काही जण ७८०५ उपटून यूएसबीचे ५ व्होल्ट थेट देतात. चालतं, पण स्वस्त चार्जरचा गोंगाट चित्रात दिसतो, आणि पुढे कधी कुणी सवयीने ९ व्होल्टची पिन खुपसली की खेळ खलास. मी हा बदल कुणाला सुचवत नाही.

वीज ठीक आणि पडद्यावर नुसता एकरंगी पट्टा किंवा चौकटींचा कचरा दिसत असेल, तर कॅसेटचा संपर्क बघा. लहानपणची फुंकर बंद! तोंडातली वाफ तांब्याला खाते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड घ्या, कळकट जास्त असेल तर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा. पॉलिश पेपर नको, आधीच पातळ असलेला मुलामा निघून जातो. निदान दोन-तीन कॅसेट लावून बघा. एकही चालत नसेल आणि बोर्डावर काळ्या लेपाचा एकच ठिपका असेल, तर सगळं डोकं त्या ठिपक्यात आहे, आणि ते गेलं तर दुरुस्ती नाही. यूएम किंवा यूए अक्षरांनी सुरू होणारे ४० पायांचे सुटे चिप दिसले तर मात्र तुमचं नशीब चांगलं, ते बदलता येतात.

टीव्हीचं म्हणाल तर आधी यंत्राची मागची बाजू नीट बघा. पुष्कळ मॉडेलना अँटेनाच्या तारेशेजारी पिवळा एव्ही जॅकही असायचा आणि धुळीखाली तो लक्षात येत नाही. जॅक नसेल तरच बदलाचं काम. मॉड्युलेटरच्या, म्हणजे चित्र-आवाज अँटेनाच्या तारेसाठी तयार करणाऱ्या, डबीत साधारण चार तारा जातात: ५ व्होल्ट, ग्राउंड, आवाज, चित्र. चित्राची तार थेट टीव्हीला दिली तर ७५ ओमच्या भाराखाली सिग्नल दबतो, म्हणून मध्ये बीसी५५७ हा पीएनपी ट्रान्झिस्टर लावा. बेस चित्राच्या तारेला, कलेक्टर ग्राउंडला, एमिटर ३०० ओममधून ५ व्होल्टला. त्याच एमिटरवरून ७५ ते ११० ओम आणि पुढे २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, धन टोक ट्रान्झिस्टरकडे. एनपीएन जातीचा बीसी५४७ चालणार नाही: सिंकचा (चित्र जागेवर धरणाऱ्या सिग्नलचा) तळ शून्याच्या इतका जवळ असतो की एनपीएन तो कापून टाकतो आणि चित्र गडगडत राहतं. हा सगळा माल मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत किरकोळ पैशांत मिळतो. डबी फेकू नका, तारा सोडवून आतच राहू द्या.

एवढं करूनही काही नवे टीव्ही 'नो सिग्नल' म्हणतील. हे गेम इंटरलेस नसलेलं (एकाआड एक ओळी न पाठवणारं) चित्र पाठवतात आणि ते सगळ्या टीव्हींना कळत नाही. बाजारातला स्वस्त एव्ही-एचडीएमआय डबाही तिथेच अडखळतो, वर बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते. रेट्रोटिंकसारखा याच कामासाठी बनवलेला कन्व्हर्टर उत्तम, पण महाग. चित्र येतं पण काळं-पांढरं, असं झालं तर टीव्हीच्या मेनूत कलर सिस्टिम 'पाल' (PAL) करून बघा.

रिमोटची बटणं जोरात दाबावी लागत असतील तर रबराखालचे काळे ठिपके आणि बोर्डावरचे पट्टे अल्कोहोलने पुसा. एकच बटण मेलं असेल तर ठिपका झिजलाय, सगळीच मेली असतील तर वायर जिथे रिमोटमधून बाहेर पडते तिथे तुटलीय. ९ पिनांचा प्लग सेगाच्या रिमोटसारखा दिसला तरी आतली जोडणी वेगळी आहे, अदलाबदल करू नका.

गेमसोबतची बंदूक सापडली असेल तर ती या टीव्हीवर चालणार नाही. ती पिक्चर ट्यूबवरचा प्रकाश ठरावीक क्षणी टिपते, एलईडीवर तो क्षण हुकतो. बदकं मारायचा तो खेळ खेळायचाच असेल तर कुणाच्या घरी जुना ट्यूबवाला टीव्ही पडून आहे का विचारा. मिळाला तर तो मात्र उघडू नका, बंद असला तरी ट्यूबवर हजारो व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात.