कुत्र्याच्या पिल्लाला एकटं राहायची सवय

सोमवारी ऑफिस आहे म्हणून रविवारी एकदम चार तास कुलूप लावून जाऊ नका. नव्या लोकांची हीच चूक होते. आजच सुरू करा: चपला घाला, दाराबाहेर ३० सेकंद थांबा, परत या. शांत राहिलं तर पुढे एक मिनिट, मग तीन. ते रडायच्या आत परतायचं.

आमची चिंगी किल्ल्या वाजल्या की थरथरायची. मी दिवसातून दहादा किल्ल्या उचलून नुसती सोफ्यावर बसायचे. हळूहळू तिने मान वर करणंही सोडलं.

- निघण्याआधी शू-शी उरकून घ्या. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन तासच जेमतेम धरवतं, त्यामुळे घरात झाली तर ओरडू नका.
- निघताना लाडाचा निरोप नको.

नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू असेल आणि आवाज घरापर्यंत येत असेल, तर त्या संध्याकाळी त्याच्याजवळच बसा.