पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं?

"मॅडम, पत्ता खोटा दिला होता. आता पोरीचं नाव काढतील का?"

वेगवेगळ्या तोंडून हा प्रश्न मी बऱ्याचदा ऐकला आहे. यावेळी विचारणारी बाई पहाटे दादरच्या फुलबाजारातून सुटी फुलं आणून गजरे करणारी. राहणं जवळच्याच एका फुटपाथवर, निळ्या ताडपत्रीखाली. मुलगी दहा वर्षांची, तिला पिंकी म्हणू. शाळेत नाव घालताना आईने धारावीतल्या चुलत जावेच्या खोलीचा पत्ता दिला. पुढे शाळेतून कुणीतरी चौकशीला गेलं आणि जाऊबाई म्हणाल्या, "इथं असलं कुणी राहत नाही." तेव्हापासून पिंकी शाळेत गेलीच नव्हती. गावच्या शाळेचा दाखलाही नव्हता. अतिक्रमणवाल्यांच्या गाडीने सामान उचललं त्यात कागदांची पिशवी गेली, आणि शाळेच्या ऑफिसातून दर आठवड्याला निरोप येत होता, दाखला आणा.

मी लगेच कायदा सांगायला बसले. 2009चा शिक्षण हक्क कायदा, 6 ते 14 वयाची मुलं, आठवी पूर्ण होईपर्यंत कुणालाही शाळेतून काढता येत नाही. बाई प्रत्येक वाक्याला "हो मॅडम" म्हणत होती. साहेबलोकांपुढे जन्मभर म्हटलेलं ते "हो". थोड्या वेळाने मीच थांबले. मग ती हळूच म्हणाली, "शाळेला कळलं फुटपाथवर राहतो, तर पोरीला गाडीत घालून होस्टेलात टाकतील का?"

खरी भीती ही होती. नाव कापलं जाण्यापेक्षा पोर हातची जाईल याची.

ती भीती पोकळ आहे असं मी तिला सांगितलं नाही, कारण ती तशी नाही. 2015च्या बाल न्याय कायद्यात रस्त्यावर राहणारी, भीक मागणारी, कामाला लावलेली मुलं काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मानली आहेत, आणि अशी मुलं, त्यांचं पुढे काय करायचं ते ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे नेली जाऊ शकतात. पण त्याच कायद्यात मुलाचा पहिला आधार आईबाप, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असंही लिहिलं आहे. शाळेच्या रजिस्टरात हजेरी असलेलं, आईजवळ राहणारं मूल आणि दुपारी बारा वाजता सिग्नलला गजरे विकणारं मूल यांच्याकडे समिती एकाच नजरेने बघत नाही. हे ऐकून बाई बराच वेळ काही बोलली नाही. पिंकी सध्या सिग्नललाच होती.

कागदांचं त्या मानाने सोपं होतं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही. आधारवरूनही अडवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते 2018 मध्ये सांगितलं. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत घेणं ही तर स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे इथं महापालिकेची, जबाबदारीच आहे. (खासगी शाळांत गरीब-वंचित मुलांसाठी राखीव असलेल्या 25 टक्के जागांसाठी मात्र रहिवासाचा पुरावा मागतात. ज्यांच्यासाठी त्या जागा, त्यातलेच सगळ्यात गरीब तिथं दारातच अडतात. असो.)

पण तोंडी सांगितलेला कायदा खिडकीपाशी टिकत नाही, हे मी उशिरा शिकले. म्हणून साध्या कागदावर अर्ज लिहिला: दाखला हरवला आहे, शाळेने गावच्या शाळेकडून मागवावा, तोवर मुलीला वर्गात बसू द्यावं. दोन प्रती. एकीवर आवक शिक्का मारून घ्यायचा, आणि कुणी "नाही" म्हणालं तर तेही लिहून मागायचं. लिहून मागितलं की बहुतेक "नाही" तिथंच विरघळतात. इथंही विरघळलं.

पिंकीशी बोलणं त्याहून अवघड गेलं. तिला अभ्यासाची भीती नव्हती. गणवेशाला ओला वास येतो, पावसात वह्या भिजतात आणि मुली "तुझ्या घरी येऊ?" विचारतात, हे तिचे तीन प्रश्न होते. वर्गशिक्षिका शहाण्या निघाल्या. पिंकीचं दप्तर रोज वर्गाच्या कपाटातच राहील असं ठरलं, आणि कपाट भरण्याच्या निमित्ताने आणखी चार मुलींचीही दप्तरं तिथं ठेवली, म्हणजे एकटी पिंकी वेगळी दिसायला नको. पालिकेच्या शाळेत मोफत मिळणाऱ्या 27 वस्तूंत गणवेश, बूट येतातच. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. तिने ते स्वतःच शोधलं: "आई झोपलेली असते, पहाटे उठते ना."

गजरे अजून शनिवार-रविवारी असतात. मी टोकत नाही, टोकायला हवं का हेही ठरलेलं नाही.

पत्त्याच्या रकान्यात आईने या खेपेला खरं ते सांगितलं, क्लार्कने लिहून घेतलं: अमुक दुकानासमोरचा फुटपाथ, विजेच्या खांबाजवळ. गणपतीनंतर अतिक्रमणवाल्यांची गाडी पुन्हा आली. दुसऱ्या दिवशी बाई शाळेच्या दारात हजर. "मॅडम, रस्त्याच्या पलीकडं गेलोय. पत्ता बदलायचा का?"