कयाकसाठी सुरी घेताना

भावा, कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या छोट्या होडीत, अडकलेलं कापायला सुरी घ्यायची तर आधी टोक बघ. टोकदार नको, बोथट पाहिजे. पंचगंगेत जलपर्णीत नाहीतर मासेमारीच्या जाळ्यात पाय अडकला की माणूस घाबरून सपासप चालवतो, आणि टोक स्वतःच्याच मांडीत शिरतं.

घडीची सुरी मीही आधी घेतली होती, दिसायला झकास! कळंबा तलावात सरावाला ओल्या, गारठलेल्या बोटांनी ती उघडेचना. तेव्हापासून म्यानातली, एका हातानं निघणारीच वापरतो. पातं 7-8 सेंटीमीटर बास, पण थोडा भाग दातेरी हवा. नायलॉनचा दोर त्यानं चटकन कापतो. म्यान लाइफ जॅकेटच्या छातीवर असं लाव की डावा-उजवा कुठलाही हात पोचेल. खिशात, बॅगेत अजिबात नको. उलटं होऊन झटकून बघ, आपोआप सुटते का.

स्टेनलेसलाही गंज चढतो, म्हणून घरी आल्यावर धुऊन पुसायची. आणि तिनं कांदा कापू नकोस, धार जाते.

बंधाऱ्याजवळ मात्र सुरी असली तरी जायचं नाही. तिथली ओढ दोर कापून सुटत नाही.